भोरडीचं सासरचं नाव

परवा एका ओळखीच्या गृहस्थांनी मला पाखरांचं जाडजूड पुस्तक दाखवलं. रंगीत चित्रं, गुळगुळीत कागद. चाळता चाळता एका पानावर माझं बोट थांबलं. काळं डोकं, काळे पंख, मधे गुलाबी अंग. खाली छापलं होतं, 'गुलाबी मैना'. मी म्हटलं, "अहो, ही तर भोरडी!" ते म्हणाले, "हो, काही ठिकाणी तसंही म्हणतात." काही ठिकाणी! सोलापूरकडच्या जोंधळा पेरणाऱ्या कुठल्याही घरात जाऊन 'गुलाबी मैना कुठं भेटेल' असं विचारून बघा. तमाशाच्या फडाचा पत्ता सांगतील.

त्या पानावर पुढं असंही लिहिलं होतं, की हा पक्षी टोळ खातो आणि टोळधाडीच्या मागं थव्यानं फिरतो. हे मात्र खरं. मी डोळ्यांनी बघितलंय. पण भोरडीचं आणखी एक नाव होतं, ते त्या पुस्तकात नव्हतं. कुठल्याच पुस्तकात नसणार. लग्न झालं की पोरीला जसं सासरचं नाव मिळतं, तसं ते भोरडीचं सासरचं नाव. ते नाव घेऊन ओरडणाऱ्या बाया एकेक करून गेल्या. आता मीच उरलेय, म्हणून लिहून ठेवते.

मी सोलापूर शहरात वाढले. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम. पहाटे भोंगा झाला की आमची गल्ली उठायची, शेजारच्या विणकरांच्या घरातून तेलुगूत भांडणं ऐकू यायची आणि माग खटखटायला लागायचे. मला पाखरं ठाऊक होती ती तीन. चिमणी, कावळा आणि शाळेच्या वाटेवरच्या हॉटेलातला पिंजऱ्यातला पोपट. चार इयत्ता झाल्या, हातात बांगड्या भरल्या आणि मला अक्कलकोटच्या अंगाला एका खेड्यात दिलं. घरात माणसं दोनच, सासू आणि तिचा एकुलता एक मुलगा. मुलगा, म्हणजे आमचे हे, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. म्हणजे घरात खरं माणूस एकच, सासू. सासरे मी यायच्या आधीच गेले होते. चार-पाच एकर काळं रान ती बाई एका गड्याला हाताशी धरून करत होती.

सासूला मी आत्याबाई म्हणायची. ती मला 'सूनबाई' कधी म्हणाली नाही. "ए सोलापूरवाले" असं म्हणायची. "ए सोलापूरवाले, शेण कालव की. हात काय मेंदीचं हायत?" अशी तिची बोली. उंच, काटक, डोईवरचा पदर कपाळापर्यंत. रागावली की पदर मागं सरायचा आणि पुढचे पिकले केस ताठ उभे राहायचे. मी तिला भ्यायची. भ्यायची म्हणजे चांगलीच भ्यायची, तिच्या पायांचा आवाज आला तरी माझ्या हातातलं भांडं वाजायचं.

लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी मी नवऱ्याजवळ राहिले नव्हते. कुर्डुवाडीला ह्यांना चाळीत एक खोली मिळाली होती. दसऱ्याला आले तेव्हा मला हळूच सांगितलं, खोलीच्या दारातच नळ आहे. नळ! मी इकडं अर्ध्या कोसावरून पाणी आणत होते. त्या नळाची तोटी माझ्या स्वप्नात यायची, खोटं कशाला सांगू. आणि तोटीबरोबर हेही यायचे.

पण आत्याबाईची एक अट होती. शेतकऱ्याच्या लेकानं इकतची भाकरी खायची नाही. दोन चुली मांडायच्या तर दोन्ही चुलींना पुरेल एवढा घरचा जोंधळा आधी पेवात, जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, पडला पाहिजे. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि माझं जाणं राहिलं. ह्या वर्षी पाऊस झाला, शाळू कमरेच्या वर गेला, पोटऱ्या फुटल्या. आत्याबाई म्हणाली, "औंदाचं जोंधळं पेवात पडू दे. मग जा तुझ्या नळाकडं." नळाचं तिला कुणी सांगितलं, देव जाणे. आम्ही तर भिंतीला तोंड करून कुजबुजलो होतो.

म्हणजे माझा संसार त्या कणसांना टांगलेला होता. कणसं दुधात आली आणि मला राखणीला बसवलं.

राखण म्हणजे रानाच्या मधोमध चार लाकडांवर बांधलेला माळा, त्याला शिडी, वर बसायला फळ्या. हातात गोफण, पुढ्यात उन्हात वाळवलेले मातीचे गुंडे. झुंजूमुंजू झाल्यापासून दिवस बुडेपर्यंत पाखरं हाकलायची. शेजारच्या रानात माझी चुलत जाऊ बसायची. ती पल्याडच्या कानडी मुलखातली, मला 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मी तिला अक्का म्हणायची. तिच्यासारखी गोफण फिरवणारी बाई मी परत बघितली नाही.

पहिल्या दिवशी मी माळ्यावर उभी राहून शाळेतल्यासारखी खणखणीत ओरडले, "भोरड्या आल्या! हा भोरड्या, हा!"

अक्का तिच्या माळ्यावरनं उतरून धावत आली. "नाव घ्यू नगं गं, तंगी! नाव घेतलं की पाखरू वळखतंय. वळखलं की बसतंय."

"मग काय म्हणून हाकलायचं?"

अक्कानं आधी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाली, "घरच्यांची नावं द्यायची."

त्या गावाची रीत अशी, की राखण सुनांनी करायची आणि पाखरांना सासरची नाती लावून हाकलायचं. चिमण्या म्हणजे नणंदा. येतात किलबिलत, दिसेल ते उचलतात आणि आपापल्या घरी भुर्र. पोपट म्हणजे जावईबापू. हिरवा पोशाख करून यायचं, अख्खं कणीस तोडायचं, चार दाणे चाखायचे आणि बाकीचं खाली टाकायचं. कावळे ही भावकी. होला म्हणजे थोरली जाऊ, कारण ती दिवसभर कण्हत असते. आणि भोरडी? भोरडी म्हणजे आत्याबाई. कपाळापर्यंत काळा पदर, अंगावर गुलाबी लुगडं, तोंडाला क्षणभर उसंत नाही आणि राग आला की डोक्यावरचा तुरा ताठ उभा.

मी हसून हसून माळ्यावरून पडायची राहिले. तुरा ऐकल्यावर तर मला आमच्या आत्याबाईचे उभे राहिलेले केसच दिसायला लागले.

"पर घरात एक सासू पुरी होत न्हाय," अक्का म्हणाली, "आनि हितं हजार यितात!"

मग काय विचारता! घरात जिच्यापुढं आवाज फुटत नव्हता तिला रानात दिवसभर शिव्या मोजायच्या. "ए आत्याबाई, ऊठ तितनं! किती गिळशील? पोट हाय का पेव? ऊठ म्हनते न्हवं!" आणि सण्ण करून गोफण. थवा उठायचा, सगळं आभाळ चरचरायचं, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरायचा. साऱ्या शिवारात तेच चाललेलं. ह्या माळ्यावर कुणाची आत्याबाई, त्या माळ्यावर कुणाची. दिवसभर सगळ्या गावच्या सासवांचा असा उद्धार करायचा आणि संध्याकाळी डोईवर पदर घेऊन खालमानेनं विचारायचं, "आत्याबाई, भाकरी वाढू?" मी सांगते, त्या शिवारात कुठल्या सुनेनं विहीर जवळ केली नाही त्याला ही राखणच कारण असेल. मी तरी त्यावरच तगले.

दुपारी आत्याबाई माझी भाकरी घेऊन यायची. रानाच्या तोंडाशी एक बाभळ होती. तिथं आली की ती मोठ्यांदा खाकरायची. दोनदा, तीनदा. ते ऐकून मी आत्याबाईवरून 'हा, हा' वर यायची. माझं नशीब थोर, असं मला वाटे. म्हातारीला खोकला आहे म्हणून मी वाचतेय. पुढं पुढं तर मला तिची काळजी वाटायला लागली. एवढा खोकला, तोही रोज दुपारीच! मी परड्यातला अडुळसा उकळून तिला काढा करून द्यायला लागले. ती माझ्याकडं जरा वेळ बघायची आणि कडू तोंड करून पिऊन टाकायची. मी मनात म्हणायची, बघा, कशी गुणाची सून आहे मी.

संक्रांत झाली आणि चार दिवसांत टोळ आले.

दुपार कलली होती. मावळतीला तांबूस धूळ उठल्यासारखी दिसली. मला वाटलं वावटळ. मग उन्हाचा रंग फिका झाला आणि कडबा ओढताना होतो तसा आवाज वरून यायला लागला. पहिला टोळ माझ्या मांडीवर पडला. बोटाएवढा, तांबूस, आडव्या जबड्याचा. मी किंचाळून तो झटकला तोवर दहा आले, मग मोजायची सोयच राहिली नाही. अक्का ओरडली, "टोळ! टोळ आलं गं!" तिनं त्यांना कुठलं नातं लावलं नाही. टोळांना कोण नातं लावणार?

सारा गाव रानात लोटला. रॉकेलचे डबे, पराती, थाळ्या, कुणाची हलगी, कुणाची घंटा, जे हाताला लागेल ते घेऊन माणसं बडवत होती. आत्याबाईनं बांधावर ओला पाला पेटवून धूर केला. मी डबा बडवत सऱ्यांतून धावत होते, पडत होते, ओरडत होते. एका जागचे उठले की दुसऱ्या जागी बसायचे. पानं खाताना त्यांचा कुरकुर कुरकुर आवाज यायचा. तो आवाज मला पुढं कितीतरी दिवस जेवताना ऐकू यायचा, घास गिळवत नसे. दिवस बुडाला तसे टोळ होते तिथं बसले. एकेका धाटावर वीस वीस, तीस तीस. धाटं वाकली होती. माझा घसा पार बसला, तोंडातून नुसती हवा निघत होती.

घरी आल्यावर आत्याबाईनं चूल पेटवली नाही. उंबऱ्यावर बसून राहिली. मी पाठ करून रडत होते. जोंधळा गेला म्हणून रडत होते असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी रडत होते खोलीसाठी, नळासाठी आणि आमच्या ह्यांच्यासाठी. दुसरं वर्ष गेलं म्हणून. आत्याबाई एवढंच म्हणाली, "झोप. सकाळी बघू."

सकाळी ती उठायच्या आत मी रानात गेले. थंडी कडाक्याची होती. टोळ गारठून बसले होते. हात लावला तरी हलत नव्हते, पायांनी धाट धरून नुसते लोंबत होते. निम्मं रान उघडं पडलेलं, ओढ्याकडचं निम्मं अजून हिरवं होतं. मी माळ्यावर चढले. का चढले, सांगता येत नाही. सवयीचे पाय.

तेवढ्यात ओढ्याच्या बाभुळबनातून भोरड्या उठल्या. रोज यायच्या तशाच, पण त्या दिवशी थव्यामागून थवा. मला वाटलं, आता हेच राहिलं होतं. टोळांनी पानं खाल्ली, ह्या उरलेलं कणीस खाणार. चहूकडच्या माळ्यांवरून एकदम आरोळ्या उठल्या, डबे वाजायला लागले. "ए आत्याबाई, ऊठ! ऊठ मेले!" सगळ्या जणी सवयीनं तुटून पडल्या. मला आवाज नव्हता, पण हात शाबूत होता. मी गुंडा भरला, गोफण डोक्यावर फिरवली.

आणि माझं मनगट कुणीतरी मागून धरलं.

आत्याबाई! शिडी चढून वर आलेली. बाभळीपाशी खाकरली नव्हती, काही नव्हतं. धापा टाकत होती, पदर खांद्यावर, केस उभे.

"ठेव ती गोफन खाली," ती म्हणाली. "आत्याबाईला जेवू दे."

मी आहे तिथं खाली बसले. सगळं ठाऊक होतं हिला! पोट हाय का पेव, ऊठ मेले, सगळं! धरणी दुभंगली असती तर मी उडी मारली असती.

"माझ्याकडं काय बघतीस? तिच्या चोचीत बघ काय हाय."

मी बघितलं. हाताच्या अंतरावर एक भोरडी धाटावर बसली होती. चोचीत टोळ. तिनं तो धाटावर आपटला, पाय झाडले, गिळला. दुसरा धरला. कणसाकडं ढुंकूनही बघितलं नाही. तिच्या शेजारी दुसरी, तिच्या खाली तिसरी. साऱ्या रानात आपटल्याचा टपटप आवाज चालला होता.

पण बाकीच्या माळ्यांवरून हाकलणं चालूच होतं. थवे उठत होते, घिरट्या घालून पुन्हा बसायला बघत होते. आत्याबाई माळ्यावर उभी राहिली. कमरेला पदर खोचला आणि अशी आरोळी ठोकली, की तिला खोकला असल्याची माझी समजूत तिथंच संपली.

"अगं ए सुनांनो! गप ऱ्हावा! तुमच्या सासवा जेवाय आल्यात, त्यास्नी जेवू द्या!"

शिवार चिडीचूप. एकाही माळ्यावरून हूं नाही की चूं नाही. बायका गोफणी हातात धरून पुतळ्यागत उभ्या. सगळ्यांची एकदम चोरी पकडली गेलेली. मग शेजारच्या माळ्यावरून अक्काची खिदळी फुटली. ती दाबायला गेली आणि जास्तच फुटली. तिचं ऐकून तिसऱ्या माळ्यावरची हसली, मग चौथ्या. पानं गेलेल्या त्या रानात, आदल्या रात्री घरोघर रडलेल्या आम्ही बाया पोट धरधरून हसलो. आत्याबाई तेवढी हसली नाही. ती बांधाबांधानं फिरून एकेकीचा डबा खाली ठेवायला लावत होती. ओढ्यापल्याड मात्र तिची हाक पोचली नाही. तिथं दुपारपर्यंत डबे वाजले आणि तिथं नंतर नुसती धाटं उभी राहिली.

भोरड्यांच्या मागून इतर मंडळी आली. साळुंक्या, कोतवाल, वर घारी. गायबगळे तर ओळीनं येऊन सऱ्यांत उतरले. त्यांना आमच्यात नातं नव्हतं. जो जोंधळा खात नाही त्याला नात्यात कशाला ओढायचं? पण त्या दिवशी माळ्यावर माझ्या शेजारी बसून आत्याबाईच नाती लावायला लागली. गायबगळ्यांकडं बघून म्हणाली, "ह्ये बघ व्याही आलं, पांढरी धोतरं निसून." मी तोंडाला पदर लावला.

मग ती बराच वेळ माळाकडं बघत राहिली. रानाच्या पलीकडं गवताळ माळ होता. तिथं एक माळढोक फिरत होता. आमच्याकडं त्याला हूम म्हणत, त्याच्या आवाजावरून. अक्काच्या माहेरी येरभूत म्हणायचे. माणसाच्या मांडीएवढा उंच, मान ताठ, एकटाच. चार पावलं चालायचा, थांबायचा, वाकून टोळ उचलायचा, पुन्हा चालायचा. कसली घाई नाही.

"त्यो तुझा मामंजी," आत्याबाई म्हणाली. "आक्षी असंच चालायचं. रानाला आग लागली तरी पळायचं न्हाईत."

सासऱ्यांबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. आम्ही दोघी त्या पाखराकडं बघत बसलो.

ऊन तापलं तसे उरलेले टोळ उठले आणि उगवतीकडं गेले. भोरड्यांची पोटं इतकी भरली होती की काहींना धड उडता येईना. ओढ्याकडचं रान वाचलं. निम्मं म्हणा, निम्म्याला थोडं कमी म्हणा. ते पाखरांनी वाचवलं. मी देवाला नवस बोलले होते, तो पुढं फेडलाही, पण हात जोडले ते आधी बाभुळबनाकडं तोंड करून.

आता कुणाला वाटेल की त्यानंतर आम्ही भोरड्यांना ओवाळलं. छे! रानातले राहिलेले टोळ संपले आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच भोरड्या कणसावर बसल्या. पाखरू ते पाखरू. गोफण तर हाणायलाच हवी होती, पण माझ्या तोंडून 'आत्याबाई' निघेना. मी मुक्यानंच गुंडे मारत होते. दुपारी बाभळीपाशी खाकरणं ऐकू आलं. आत्याबाई माळ्याखाली येऊन उभी राहिली.

"का गं सोलापूरवाले, गप का? तोंडाला कुलूप लावून राखन हुती व्हय? हाण की नाव घिऊन!"

मी मान खाली घातली. मग कुठून धीर आला कोण जाणे, विचारून टाकलं, "आत्याबाई, तुमी राखणीला बसत होता तवा भोरडीला काय म्हनत होता?"

"काय म्हननार? माझी सासू काय आभाळातनं पडली हुती?" भाकरीचं फडकं शिडीला अडकवून ती वळली. चार पावलं गेली आणि मागं न बघता म्हणाली, "आनि त्यो काढा बंद कर आता. मला कसला खोकला न्हाय."

रोज बाभळीपाशी खाकरायची ती माझ्यासाठी! आपण येतोय हे सुनेला कळावं, तिनं जीभ आवरावी, आपल्यालाही नको ते ऐकावं लागू नये. तिच्या सासूनंही तसंच खाकरलं असेल. आणि मी त्या बाईला महिनाभर अडुळसा पाजला होता.

मळणी झाली. खळ्यावर रास पडली ती बघूनच मला कळलं, की ही एका चुलीचीच आहे. मी मनाची समजूत घालून ठेवली होती. कुर्डुवाडी काही पळून जात नाही, नळ काही आटत नाही. आत्याबाई पाटी घेऊन राशीशी बसली. एक पाटी इकडं, एक पाटी तिकडं. इकडचा ढीग पेवासाठी, तिकडचा पोत्यात. तिकडं भरताना पाटीवर शीग चढत होती आणि इकडं सपाट पाटी पडत होती, हे मला दिसत होतं.

"ही पोती कुठं न्यायची?" मी विचारलं.

"कुर्डुवाडीला. आनि कुटं?"

"पर तुमाला पुरायचं न्हाय, आत्याबाई."

"मला एकटीला कितीसं लागतंय? आनि तू गेलीस की खानारं तोंड गेलं. लई खातीस तू." मग पोत्याचं तोंड बांधत म्हणाली, "बोलले हुते मी. जा."

मी पाया पडले तेव्हा माझ्या डोळ्यांचं पाणी तिच्या पावलांवर पडलं. ती म्हणाली, "पाय काय धुतीस, सोलापूरवाले? नळ तिकडं हाय." अशी बाई! आयुष्यात मला जे काही मिळालं, माणसाचा संसार, लेकरं, पुढं लिहिणं-वाचणं, ते सगळं त्या शिगेच्या पाट्यांतून आलं. हे मी तिला कधी असं सांगितलं नाही. आमच्यात तशी बोलायची रीत नव्हती.

कुर्डुवाडीची खोली, दारातला नळ, ह्यांच्या कपड्यांचा तेलकट वास, सगळं मनासारखं झालं. संध्याकाळी रेल्वेच्या आवारातल्या झाडांवर भोरड्या मुक्कामाला यायच्या. काय तो गलका! चाळीतल्या बाया वैतागायच्या. मी दारात उभी राहून ऐकायची. घरचं कुणीतरी भांडायला आल्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला ह्यांना रजा मिळाली आणि आम्ही हुरड्याला गावी गेलो. घराला कडी होती. हे गड्याला शोधायला गेले, मी रानाची वाट धरली. लांबूनच अक्काची गोफण ऐकू आली. पण आमच्या माळ्यावर कोण असेल? सुना राखणीला बसायच्या, आणि आमची सून तर मी. वर्षभर कुर्डुवाडीला नळाखाली भांडी घासत होते.

बाभळीजवळ आले आणि आवाज कानावर पडला. म्हातारीचा आवाज, पण खणखणीत. माळ्यावर आत्याबाई उभी होती, पाठमोरी. समोर कणसांवर भोरड्यांचा थवा बसलेला. तिच्या हातात गोफण होती, पण ती लोंबत होती.

"आलीस व्हय, सूनबाई? ये. खा. तिकडं नळाचं पानी पिऊन वाळली असशील. खा की गं, घरचंच हाय. मग हाकलते तुला."

जन्मात मला जे ऐकायला मिळालं नव्हतं ते ती त्या पाखरांना म्हणत होती. तशीच धावत जाऊन तिला मिठी मारावी असं वाटलं, पण तिनं मला रीत शिकवली होती.

मी बाभळीपाशीच थांबले आणि मोठ्यांदा खाकरले. दोनदा, तीनदा.